उतार

महापुरानंतर जे जे फुगलं, गंजलं,
ते मागच्या कोपऱ्यात टाकत गेलो:
प्लायवूडचं दार, मिक्सर, वहिनीचं शिलाई मशीन.
वर घाणेरी माजली.

परवा सांगलीवाडीचा बाबालाल गवंडी आला.
शहाबादी फरशीचे तुकडे उलटसुलट लावून बघत म्हणाला,
“उतार कुणीकडं देऊ?”
कुणीच बोललं नाही.
नदी तिकडंच. आयर्विनचा दिवा दिसतो लिंबाआडून.

मग वहिनीच म्हणाली, “तिकडंच दे.
येताना विचारत नाही ती,
जाताना तरी अडखळू नये.”

आज अर्धं कापलेलं पिंप, कोळसा,
मशीनच्या लोखंडी पायांवर फळी, फळीवर ताटं.
कणसं तडतडली. वांगं फुटलं.
खांद्याएवढ्या मातकट रेघेला टेकून
वहिनी म्हणाली,
मीठ कमी पडलंय.