माया

शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
बोटभर सोडायची.
जास्त सोडली की काखेत बोचते.

सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी
पाठकोऱ्या कागदावर माझं पोट काढलं
आणि पेनानं त्याची एक बाजू उडवली.
उरलं ते लांबट, अरुंद.
म्हणाले, याला स्लीव्ह म्हणतात.
मी म्हटलं, म्हणजे बाही.
ते हसले.
बाही मला तीस वर्षं कळते, डॉक्टर.
घेर उडवला तरी खांद्याशी थोडा दम ठेवावा लागतो,
नाहीतर हात वर जात नाही.

त्या वर्षी अर्धी वाटी आमटी तासभर पुरायची.
केस कंगव्यात पुंजक्यानं यायचे, आणि मी खूश.
एकशे अठरा, एकशे दोन, ब्याण्णव, त्र्याहत्तर.
सुकुमारनं मार्केट यार्डात
हळदीच्या काट्यावर मला उभं केलं.
हमाल म्हणाला, वहिनी, दीड पोतं!
पिवळ्या झालेल्या चपला घालून मी घरी आले,
पायसुद्धा धुतले नाहीत.
आयर्विन पुलावरून चालत गेले, चालत आले,
कठड्याला एकदाही धरलं नाही.

सतरा ब्लाऊज आत घेतले.
नसीम म्हणाली, ताई, जादाचं कापून टाकू?
मी कात्री उचलली. मग ठेवली.
राहू दे, म्हटलं, बोचलं तर बोचलं.

आमच्या घरी दिवेलागणीआधी जेवण उरकतं.
अंधारात कुणी घास घेतल्याचं ऐकिवात नाही.
लग्नसराईत रात्रीचा दीड,
मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्याखाली
लसूण घातलेला भडंग.
मूठभर. तेवढंच तर मावतं.
पण मूठ दर पंधरा मिनिटांनी मावते
हे कागदावर कुणी काढून दाखवलं नव्हतं.

कोठावळेबाई माप देता देता
माझ्याच दंडाकडे बघतात.
तुम्ही ते केलं होतं ना हो?
मग पैसे परत देतात का?
माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून बरं.

काल पुन्हा मिरज. शहाण्णव.
नवा कागद.
वर छोटा खिसा करायचा,
आतडं खालून उचलून त्याला जोडायचं.
रिव्हिजन.
मी म्हटलं, म्हणजे आल्टर.
या वेळी ते हसले नाहीत.

आल्टरचंही मला कळतं.
पहिल्या शिवणीची भोकं राहतात.
गिऱ्हाईक म्हणतं, नव्यासारखं करा,
मी म्हणते, अंगाला बसेल, नव्यासारखं नाही होणार.
त्यांनी जवळजवळ हेच सांगितलं,
वर धोक्याची टक्केवारी, आणि खर्च, हळू आवाजात.
आणि म्हणाले, पोट सैलावतं, भूक परत येते,
हा तुमचा दोष नाही, आजार आहे.
ते वाक्य मी पर्समध्ये घालून आणलंय.
अजून अंगाला लावून पाहिलं नाही.

येताना सुकुमार गाडीवरून म्हणाला,
यंदा हळदीला भाव बरा आहे.
एवढंच.
विश्रामबागेच्या सिग्नलला मला रडू आलं.

आज दुकान बंद केल्यावर
जांभळा ब्लाऊज उसवला.
आत राखलेलं कापड अजून गर्द जांभळं,
सहा वर्षं ऊन न लागलेलं.
बाहेरचं विटलंय.
दोन्हींच्या मधे भोकांची एक ओळ.

मंगळवारी दुर्बिणीनं तपासणार आहेत.
उपाशीपोटी यायचं.
ते जमतं मला, निदान दिवसा.
पुढचं अजून ठरलं नाही.
सुकुमारला सांगितलंय, विचारू नकोस.

नसीम टेप घेऊन मागे उभी राहते.
माझं माप ती नेहमी इंचभर कमी लिहिते,
मला माहीत आहे, तिलाही.
आज खरं लिही, म्हटलं.
टेप आवळू नकोस.