खळ

सकाळी नऊ सत्तेचाळीसला मी एक बिल उघडलं.
सुताचं. नेहमीच्या पार्टीचं.
नावात एक अक्षर इकडचं तिकडं होतं,
ते मला संध्याकाळी दिसलं.

पलीकडे बावीस माग चालू.
त्या खडखडाटात
एका क्लिकचा आवाज कुणाला जाणार?

साडेदहाला मोर उघडेना.
मग कोयरी. मग दुबईच्या हॉटेलचा टॉवेल,
ज्याची किनार मी चार रात्री बसून काढली होती.
प्रत्येक फाइलच्या नावामागं परकं शेपूट,
आणि पडद्यावर एक पत्र, अगदी सभ्य.
सुरुवातीला नमस्कार, शेवटी रक्कम,
खाली उलटं चालणारं घड्याळ.

जुनी डिझाइनं संपली तसे
माग एकेक करून थांबत गेले.
चहावाला दारात येऊन म्हणाला, "लाईट गेली काय?"
लाईट होती.
सगळ्या ट्यूब लख्ख जळत होत्या
आणि शेडमध्ये सुई पडली तर ऐकू आली असती.
बुरा मालक केबिनमधून आले,
"एमैंदम्मा?" एवढंच विचारलं.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

मोईन नदाफ स्कूटर स्टँडवर न लावताच आत आला,
आधी नेटची वायर उपटली, मग बसला.
त्याचे आजोबा कापूस पिंजायचे;
तोही तसाच, एकेक धागा सुटा करत बघत राहिला.
"अपडेट कधी केलं होतं, ताई?"

रोज दुपारी कोपऱ्यात यायची ती चौकट:
आता, की नंतर?
कंटेनर मुंबईला निघायचा होता. नंतर.
पगारपत्रक होतं. नंतर.
गड्ड्याची जत्रा होती, पोरं खोळंबली होती. नंतर.
फेब्रुवारी ते सप्टेंबर
मी एकच शब्द विणत होते.

रात्री भद्रावती पेठेत
मामंजींना सांगितलं. त्यांनी चाळीस वर्षं
जकार्डची कार्डं मारली.
भोक असेल तर धागा उठतो, नसेल तर बसतो,
त्यांना एवढंच शास्त्र माहीत.
"चोर आला कुठून?"
"भोकातून."
"कुणी मारलं?"
"ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला त्यांच्याच हातून राहिलं.
त्यांनीच ठिगळ पाठवलं होतं. फुकट."
"मग?"
भाकरीचा तुकडा मी ताटातच फिरवत राहिले.

ते उठले. माळ्यावरून एक गठ्ठा काढला,
सुतळीत ओवलेली पिवळी कार्डं. त्यांचा मोर.
एका भोकावर चौकोनी कागद चिकटवलेला,
बोटाचा ठसा अजून तिथं.
"इथं चुकलो होतो. मोराला तिसरा पाय फुटला असता.
खळ लावली, उन्हात ठेवलं, निस्तरलं.
चूक होतेच गं. माग सुरू करायच्या आधी
कार्डं उजेडात धरून बघायची, बस."

मधली अकरा कार्डं उंदरांनी खाल्लेली.
त्यांनी निदान खंडणी मागितली नव्हती.

मालकांनी पैसे दिले नाहीत.
दिले असते तरी मोर परत आला असता का,
मोईनलाही ठाऊक नाही.
एका पेनड्राइव्हवर गेल्या दिवाळीपर्यंतचं सापडलं.
बाकीचं मी काढतेय पुन्हा,
कपाटातला नमुन्याचा टॉवेल टेबलावर ताणून,
भिंगातून धागे मोजत.
मानेपर्यंत आलेय.
दुबईच्या पार्टीनं ऑर्डर दुसरीकडं दिली.

काल चौकट पुन्हा आली.
आता, की नंतर?
पडदा काळा झाला, पांढरे ठिपके गोल फिरू लागले,
सात टक्के, सात टक्के, आठ.
दारात जॉबर खोळंबलेला, हात पुसत,
"किती वेळ अजून?"

वाळू दे, म्हटलं.