सातशे मिली

मामंजींना दिवसाला सातशे मिली पाणी.
तांब्यावर मी नेलपॉलिशनं रेघ मारलीये.
आणि आज भिलवडीच्या वेशीबाहेर
ऊस गळ्याएवढा बुडालाय.

मंगळवार चुकवता येत नाही.
शुक्रवारी त्यांच्या पायावर अंगठा दाबला
तर उठलेला खड्डा पाच मोजेपर्यंत भरून आला.
काल रात्री अकरा मोजले.

सिस्टर बीना फोनवर म्हणाल्या,
आदगोंडा आजोबांचं मशीन चारपर्यंत धरून ठेवते, या.

पहिलं पाणी माळवाडीच्या अलीकडं.
फुगवट्याचं, उभं, वर साय धरल्यासारखं.
मी चपला काढल्या, सलवार वर खोचली,
उसाचं एक कांडं टेकत रस्त्याच्या मधनं गेले, परत आले.
गुडघ्याच्या जरा वर.
किलोमीटरच्या दगडाचं पिवळं डोकं अजून दिसत होतं,
त्यावर एक बेडूक, मालकासारखा.

"काचा खाली घे," मागच्या सीटवरून आवाज.
"पट्टा सोड. एसी बंद. फोर-लो, पहिला गिअर.
आता क्लचला पाय लावायचा न्हाई, काय बी होऊ दे.
आपली लाट आपल्या म्होरं चालू दे,
तिला गाठायचं न्हाई, लांब बी जाऊ द्यायचं न्हाई.
बंद पडली तर किल्ली फिरवू नगंस.
इंजनानं पाणी प्यालं की सपलं."

इंजनानं पाणी प्यालं की सपलं,
असं म्हणताना त्यांची बोटं डाव्या मनगटाच्या वर होती,
डॉक्टरांनी जिथं शीर आणि धमनी जोडलीये,
कातडीखाली जिथं रात्रंदिवस काहीतरी घरघरतं,
लांबच्या शिवारात कुणाचा ट्रॅक्टर चालू असावा तसं.

दाराच्या फटीतून पाणी आत आलं.
गार. शेणाचा, डिझेलचा वास.
मी पाय हलवला नाही.
लाट बॉनेटपुढं वाकून चालत राहिली
आणि एकदम टायरखाली डांबर लागलं.

दुसरं पाणी वसगड्याच्या पुलावर.
तेवढंच. खरं तर कमीच.
ट्रॅक्टरवर बसलेली पोरं हात हलवत होती,
या की वहिनी, आत्ता एक बोलेरो गेली.
पण हे पाणी उभं नव्हतं.
ते कठड्याला खांदा लावून ढकलत होतं.
मी पुलाच्या तोंडाशी कांडं टेकवलं,
हातातून हिसकावून घेतलं त्यानं.
कठड्याच्या त्या बाजूला मी बराच वेळ बघत राहिले,
वर आलं नाही.

"जाईल गं," मामंजी म्हणाले, "टायर मोठं हायती."
ही गाडी त्यांनीच घेतलेली,
हळदीला बरा दर लागला त्या वर्षी.
मला मोकळ्या रानात शिकवलं तेही त्यांनीच,
लिंबाला धडकले तेव्हा हसले होते.
"मामंजी, उभ्या पाण्याचं सांगितलंत तुम्ही.
वाहत्याचं काय करायचं?"
आरशात ते माझ्याकडं बघत होते, पुलाकडं नाही.
"वाहत्यात मी कधी घातलीच न्हाई," म्हणाले,
आणि सुजलेले पाय सीटवर ओढून घेतले.

रिव्हर्स. पोरं हसली असतील, आरसा तिकडं नव्हता.

माळवाडीला परत आलो तर पिवळं डोकं नाही,
बेडूक नाही.
दगड कुठं होता ते मी बाभळीवरून ताडलं.
या खेपेला मागून कुणी काही सांगितलं नाही.
फक्त श्वास, इंजनाच्या जोडीनं.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके हलके दाबत गेले,
वाळेपर्यंत. पहिल्यांदा गाडी थांबलीच नाही.
मग पलूस, मग तासगाव, लांबचा वळसा,
घड्याळात सव्वातीन.

तासगावच्या पुढं त्यांनी पाणी मागितलं.
मी कडेला गाडी घेतली,
बाटलीच्या झाकणात ओतून दिलं, दोनदा.
चाकांच्या वरून अजून पाणी निथळत होतं.
त्यांनी ते गालात धरून ठेवलं,
आणि कवलापूर गेल्यावर
आरशात त्यांचा गळा हलला.