अनपेक्षित

धोपाव्याला फेरीबोटीतून चढ चढताना
इंजिन ओरडलं, चाकं मात्र हलली नाहीत.
मग तो वास, करपलेल्या वांग्यासारखा.
मागे सहा दुचाकी आणि एक बर्फाचा टेम्पो, भोंगा दाबून धरलेला.
वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं:
"वाजवा. भोंग्यानं चढत असेल तर आमचाही वाजवते."

आठ जणांनी ढकललं.
तीन टनांचं घर नारळाखाली टेकलं
आणि आत कुठेतरी डाळीचा डबा आडवा झाला.

घर बांधलं माझ्या नवऱ्यानं.
जुनी सतरा सीटर; सीटा उपटून दोन बाकं, एक ओटा,
बुडाला पाण्याची टाकी.
पाचव्या महिन्यात म्हणाले, पाठ गेली,
आणि इचलकरंजीच्या दुसऱ्या मजल्यावर परतले.
त्यांच्या जागी त्यांची बहीण आली,
एक उशी आणि गुडघ्याचं तेल घेऊन.
लोक विचारतात, तुम्ही सख्ख्या बहिणी?
आम्ही हो म्हणतो. वेळ वाचतो.

बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून वही आहे.
डिझेल, किराणा, गॅस,
शेवटचा रकाना: अनपेक्षित.
तोच सगळ्यात लांब.
रत्नागिरीत अल्टरनेटर.
आंजर्ल्याच्या चढावर फॅनबेल्ट.
वेळणेश्वरला खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला सायलेन्सर,
जो रस्त्यात गळून पडला
आणि आम्ही चादरीत गुंडाळून आणला, माणसासारखा.
इतक्या नेमानं येतं ते अनपेक्षित कसं,
असं एखाद्या ऑडिटरनं विचारलं असतं.

मुश्ताक तांडेल ट्रॉलरची इंजिनं बघतो.
"गाडी आमची लाइन नाय," म्हणाला, तोवर गाडीखाली शिरलाही होता.
"पन इंजान ता इंजान. हिला बुडायची भीती नाय, येवडाच फरक."
क्लच प्लेट चिपळूणहून यष्टीनं येणार होती.
आज. मग उद्या. मग परवाच्या दुपारच्या गाडीला.

तीन दिवस धक्क्यावर काढले.
रात्री खाडी उतारावर चढायची
आणि पहाटे थोडं शेवाळ ठेवून मागे जायची.
वन्संनी आरशाला परकर वाळत घातला.
भोंगेवाल्यानं बर्फाची अर्धी लादी आणून दिली,
काही न बोलता, पायरीवर ठेवून गेला.
वन्सं मासा खात नाहीत,
पण तिसऱ्या दिवशी पाटीतल्या प्रत्येकाला नावानं ओळखत होत्या.

रोज सातला इचलकरंजीचा फोन.
"क्लच जळतोच कसा? अर्ध्यावर पाय ठेवत असशील."
पंख्याखाली बसून त्यांना सगळं दिसतं.
"माझ्या हातात होती तेव्हा गाडीनं कधी त्रास दिला नाही."

प्लेट बसली त्या दुपारी
टाकीचं पाणी मुश्ताकच्या कपाळावर ठिबकत राहिलं,
म्हणून त्यानं तोही जोड खोलला.
हात बाहेर आला. तळव्यावर एक चकती,
निळी, रबरी, ब्लेडनं कापलेली. कडेला स्लिपरची नक्षी.
"ह्यो कोनी बसवला?
उताना निजून, एका हातान. अर्धी रात तरी गेली आसंल."

ती चप्पल मला माहीत होती.
गुहागरला कुत्र्यानं पळवली म्हणाले होते.
सबंध दिवस मी त्या कुत्र्याला शिव्या घातल्या,
आणि हे कमरेवर हात ठेवून
समुद्र बघत उभे होते.

प्लेट चार हजार दोनशे. मजुरी त्यानं सांगितली त्यावर मी शंभर चढवले,
त्यानं ते वन्संच्या हातात परत ठेवले.
वॉशर, पंधरा रुपये.

सातला फोन आला.
"झाली? आणखी काही निघालं का?"
चकती माझ्या मुठीत होती, अजून ओली.
"नाही," मी म्हटलं. "तुमची गाडी. ती कुठला त्रास देते."
पलीकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.

आतून वन्सं ओरडल्या:
"कालिंदे, नळ अजून गळतोय!"