रिवायंडिंगवाल्याची नोंद

जिंतूर रोडला सतरा वर्षं
जळलेल्या मोटारी उघडल्या मी.
वार्निशचा वास बोटांतून अजून जात नाही.
एवढं पक्कं ठाऊक होतं :
काहीही फिरवायचं तर तांबं लागतं,
वेढे लागतात, वेढ्यांतून करंट,
मग चुंबक जागं होतं, मग रोटर हलतो.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंप सांभाळतो.
पंप जर्मनीचा, लाइट परभणीची,
दोघांचं जमवता जमवता माझं डोकं फिरतं.
पंपाच्या पोटात टेंगसे मॅडमची चकती,
चकतीवर बिस्मथ-सेलेनियमचा पापुद्रा.
"अन्सारभाई, कांद्याचं एक साल घ्या,
तेवढ्या जाडीत असे दहा हजार मावतील."

आतून हा बंद. वीज आत शिरत नाही.
वरून पळते, खालून पळते,
आणि पळणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन
तोंड आडवं धरून पळतो.
माघारी वळला की तोंडही उलटं.
एकाच वाटेनं निघालेले
वरचे उजवीकडं बघतात, खालचे डावीकडं.
हिशेब शून्य. काटा मधोमध.

मी विचारलं, निवडायचे तर
केवढी कॉइल भरू?
मॅडम हसल्या नाहीत, ते मला बरं वाटलं.
म्हणाल्या, कॉइल नको, चुंबक नको,
नुसता दाब द्यायचा, वरून खाली.
व्होल्टेज.
मग वरचे खालचे सारखे राहत नाहीत,
वेगळे होतात, ओळखू येतात.

"आणि गेटमधून करंट?"
"नाही वाहायचा. वाहिला तर नमुना गेला."
सतरा वर्षांत
असं गिऱ्हाईक दुकानावर आलं नव्हतं.

काल रात्री अडीचला, गावाचा लोड उतरल्यावर,
मॅडम म्हणाल्या, बटण तुम्ही फिरवा.
मी? काहून?
"तुमचा हात हलका आहे."
फिरवलं. सवयीनं कान पुढं केला,
मोटार सुरू झाली की हूं करते.
इथं काहीच नाही.
फक्त पडद्यावर एक रेघ होती,
ती टोकाला उसवली, जराशी,
सुती दोऱ्याचं टोक ओलं न करता
सुईत घालायला जावं तशी.

मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, गळतीही असू शकते. उद्या परत.

वहीत तारीख टाकली, वेळ टाकली.
जुन्या दुकानाच्या सवयीनं एक रकाना जास्तीचा आखला :
तांबं – निरंक.
त्याखाली, त्यांच्या सांगण्यावरून :
गळती – तपासायची.