मुका मार

ऱ्होंडा खोऱ्यातली ही शेवटची गल्ली. पुढे रस्ता संपतो,
मग नुसती टेकडी, खाणीतून उपसलेल्या मातीची,
आता तिनंही गवत धरलंय.

आयर्लिस प्रॉबर्ट, वय एकोणऐंशी,
दार उघडते आणि आधी माझे बूट बघते.
मी पिशवीतून फॉर्म काढते. चोवीस पानं, दोन भाषांत.
गेथिनचा मेंदू आमच्याकडे येऊन सहा आठवडे झाले.
कार्डिफला, फॉर्मालिनमध्ये, झाकणावर नंबर.
काप घ्यायला अजून अवकाश आहे.
त्याआधी त्याचं आयुष्य लागतं.

प्रश्न सातवा : किती वर्षं खेळले?
"एकवीस. हुकर होता. म्हणजे दोन्ही खांद्यांना दोन रेडे,
समोरून तीन,
आणि मध्ये आमचं हे डोकं."

प्रश्न अकरावा : डोक्याला मार किती वेळा?
इथं सगळ्याच बायका छताकडे बघतात.
कोणी म्हणते, कुणी मोजलंय.
कोणी म्हणते, छे, फार दणकट होता तो.
माझी पेन्सिल 'माहीत नाही'च्या चौकोनावर टेकलेलीच असते.

ती उठते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणते.
आत लाल लोकरीचा गुंडा.
"मॅचला विणकाम घेऊन बसायचे.
तो पडला, आणि मी दहा म्हणेस्तोवर उठला नाही,
की मारायची एक गाठ."

आम्ही लोकर उलगडत जातो,
बैठकीतून बोळकांडीत, बोळकांडीतून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
मी गुडघ्यांवर. ती मागून, भिंत धरून.
दोनशे सदतीस.
आमच्या अख्ख्या विभागात
इतका नेमका आकडा कुणाकडेच नाही.

पुढचं ती न विचारताच सांगते.
पन्नाशीत चहात मीठ.
मग याच जिन्यात मधोमध उभं राहून,
आयर्लिस, मी वर चाललो होतो का खाली?
मग फ्रीजमध्ये किल्ल्या, शेजारच्यांच्या.
मग राग.

रागापाशी ती थांबते.
केटलचं बटण दाबते. केटल रिकामी असते.

डब्यात तळाशी अजून काहीतरी आहे. राखाडी लोकर.
हीपण गेथिनची?
"नाही," ती म्हणते. "ही माझी."

पान तेवीस.
तुलनेसाठी निवडलेली व्यक्ती : पत्नी.
तेच घर, तेच पाणी, साधारण तेच वय.
डोक्याला इजा : नाही.
हे मी येताना बसमध्येच भरून ठेवलं होतं,
तेवढाच वेळ वाचावा म्हणून.

मुका मार. रक्त नाही, टाका नाही,
जे काय ते केसांखाली.
डॉक्टरांनी विचारलं नाही का कधी?
"विचारायचे की. त्याच्याबद्दल.
मी शेजारच्या खुर्चीत, त्याचा कोट धरून."
मग थोड्या वेळानं,
"मैदानावर शिट्टी तरी व्हायची."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावायचा प्रयत्न करतंय,
पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"तो तसा नव्हता. हे लिही."
मी जागा शोधते. 'इतर' म्हणून एक ओळ आहे,
माझ्या करंगळीएवढी.
लिहिते. ती चष्मा लावून तपासते,
'तसा'खाली रेघ मारायला लावते.

मग मी खोडरबर मागते.
ती नातवाचा देते, इंजिनाच्या आकाराचा, चाकं झिजलेली.
'नाही' खोडताना कागद जरा फाटतो.

राखाडी गाठी बारीक आहेत, करकचून मारलेल्या,
एकमेकींना चिकटून.
चारची बस खाली वळणावर दिसते, थांबते, जाते.
नऊ, दहा, मी भराभर सरकवते, अकरा,
आणि तिचा हात माझ्या मनगटावर येतो.

"हळू," ती म्हणते.
"घाईत मोजलं की दोन गाठी एकच वाटतात."