उज्जनबाईचे तीळ

फागुन सरता सरता वांगी म्हातारी होतात.
कातडी पिवळट, पोटात बियाच बिया,
भरीत करावं तर दाताखाली कचकच.
दोन तेवढी झाडावर ठेवते, देठाला चिंधी बांधून,
पुढच्या सालाचं बेणं;
बाकीच्यांच्या काचऱ्या.

अनेरच्या काठी आमचं परस सारं मिळून अडीच गुंठे.
लसणानं माना टाकल्यात,
त्याच्या वेण्या घालून आढ्याला टांगायच्यात.
टमाट्यांना आता कुणी विचारत नाही,
बाजारात लोक कॅरेटं ओतून देतात.
मी उभे चिरते, मीठ लावते, पत्र्यावर पसरते.
तिसऱ्या दिवशी ते वाळल्या जिभांसारखे दिसतात
आणि चवीला अख्खा माघ महिना आटलेला.

शेवगा मात्र वेड्यासारखा फुललाय.
याच शेवग्यावरून तीन वर्षांपूर्वी
उज्जनबाईचं नि माझं बोलणं तुटलं.
बुंधा माझ्याकडे, फांदी तिच्याकडे,
शेंगा कुणाच्या?
ती जे बोलली ते मी विसरले नाही,
आणि मी जे बोलले
ते तर तिच्या सुनेलाही पाठ आहे.

ज्वारी तीन दिवस भिजली.
चौथ्या पहाटे चूल पेटवली अंगणात.
पऱ्हाट्यांचा जाळ भसकन चढतो, भसकन उतरतो,
शेजारी बसून त्याला भरवत राहावं लागतं.
घाटा खदखदला, मनगटावर उडाला.
हिलालनं चाटू धरला, म्हणाला,
"उधन्याला काय दुकानं नाहीत?"

दुकानं आहेत.
लोटनच्या खोलीला गच्ची नाही, एवढंच.
खिडकीतून त्याला दुसऱ्याची खिडकी दिसते.
ऊन त्याला डब्यात भरून पाठवावं लागतं,
अंमळनेरहून, सुरतच्या गाडीनं.

ओल्या धोतरावर बिबड्या थापत गेले.
जिरं, लसूण, तिखट.
तीळ मी घालत नाही, माझ्या माहेरी घालत नाहीत.
पलीकडच्या गच्चीवर उज्जनबाईही थापत होती,
दोघी उकिडव्या, पाठीला पाठ,
मध्ये गुडघाभर कठडा.

तीनच्या सुमाराला सातपुड्याकडून
आभाळ काळंठिक्कर उठलं.
आणि धोतर एकटीला उचलता येत नाही.
दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात,
नाहीतर मध्ये झोळ पडतो, सगळ्याचा लगदा.
हिलाल केळीत. हाका वाऱ्यानं नेल्या.

कठड्यावरून एक पाय आला.
भेगाळ टाच, चांदीचा तोडा.
मग दुसरा.
तिनं टोक धरलं. मी "हां" म्हटलं.
माझं झालं, मग तिचं.
माझ्या दोन खोल्यांत बाजेवर, कोठीवर, देवापुढे
बिबड्याच बिबड्या, पाय ठेवायला जागा नाही.

पाऊस पडला सात-आठ थेंब.
लगेच ऊन, जसं काही घडलंच नाही.
उज्जनबाई दारात उभी राहून
माझ्याशी नव्हे, वर बघून बोलली,
"आभायले बी काही काम नही."
मला हसू आलं ते मी पदरात धरलं.

नंतर पुन्हा तसंच. बोलणं नाही.
शेंगा धरल्या तेव्हा तिनं तिच्या बाजूच्या तोडल्या.
मी मोजल्या. एकवीस.

आखाजीच्या आधी डबा भरायला घेतला,
लसणाची वेणी खाली, वर काचऱ्या,
टमाटे कडुलिंबाच्या पाल्यात.
बिबड्या मोजताना हाताला खरखर लागली.
तीळ.
तिच्या आठ-दहा माझ्यात आल्या होत्या.
म्हणजे माझ्याही तिकडे गेल्या असणार.
परत देऊ म्हटलं, तर कोणत्या तोंडानं?
वेगळ्या काढल्या. पुन्हा आत टाकल्या.

पंधरा दिवसांनी लोटनचा फोन.
मागं यंत्रांची खडखड, तो ओरडूनच बोलतो.
"आई, यंदा तीळ घातलेस का? बरे लागतात.
पुढच्या सालीही घाल."

बाहेर चिंधी बांधलेली वांगी
पिकून हळदीसारखी झाली होती.
मी म्हटलं, बघू.